तिथीची पाऊणपट

गाडीतून उतरल्या उतरल्या आईने आधी समुद्राकडे बघितलं, मग देवळाच्या कळसाकडे बघून हात जोडले आणि मग मला विचारलं, "आज तिथी कोणती गं?"

मला काही सांगता येईना. निघायच्या आधी मी सगळं बघून ठेवलं होतं, ताम्हिणीत रस्ता कसा आहे, माणगावला थांबायचं की थेट पोचून जेवायचं, खोली तळमजल्यावर मिळेल का (आईचे गुडघे), हवा कशी असेल, मुलाचे बूट, सनस्क्रीन, आईच्या गोळ्या, सगळं. तिथी बघितली नव्हती. हरिहरेश्वरला येताना तिथी बघायची असते हे मला माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी बघितली नव्हती.

आईनेच मग मनाशी मोजलं. "चतुर्दशी. उद्या पौर्णिमा ना. म्हणजे साडेदहाला भरलं असणार." साडेबारा वाजून गेले होते. "आत्ता जाता यायचं नाही खाली. चारच्या पुढे-मागे बघू." आणि ती शांतपणे पिशवीतून पाण्याची बाटली काढून कठड्यावर बसली.

माझ्या मुलाला वाटलं आजीने मोबाईलवर काहीतरी बघितलं. तिने मोबाईल पर्समधून काढलाही नव्हता.

ही आण्णांची रीत. आण्णा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. हरिहरेश्वर आमचं कुलदैवत, म्हणजे माझ्या माहेरचं, लग्नानंतर माझं कुलदैवत रीतसर बदललं पण पाय काही बदलले नाहीत, ते इकडेच वळतात. आण्णा दरवर्षी यायचे. पुण्याहून एसटीने, रात्रीची उलटी, सकाळी डोळे चुरचुरत असताना श्रीवर्धनच्या रस्त्यावर एकदम डावी-उजवी सुपारीची वाडी सुरू व्हायची आणि गाडीत वास बदलायचा. ते निघायच्या आधी पंचांग उघडून बसायचे आणि बोटांच्या पेरांवर हिशेब करायचे. तिथीची पाऊणपट. बस, एवढंच. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती पूर्ण, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. चौथ असेल तर तीन. चतुर्दशी म्हणजे साडेदहा. आणि भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, तिच्या आधीचे दोन तास हे आपले. त्या दोन तासांत बसेल अशी एसटी धरायची, अशी त्यांची सगळी यात्रा समुद्राच्या घड्याळावर ठरायची. देवळाची वेळ नंतर.

हे गणित कोकणात कुणाला नवीन नाही, मासेमारीला जाणाऱ्या घरांत तर पोरांना पाढ्यांच्या आधी येत असेल. पण शहरात वाढलेल्या मला ते जादूसारखं वाटायचं. फार पुढे, म्हणजे कॉलेज संपल्यावर कधीतरी मला कळलं की त्यात जादू नाही आणि तरी ते तितकंच सुंदर आहे. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण 50 मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच उशिरा. तिथीमागे पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं. हातात घड्याळ नसलेल्या कुणीतरी, किंवा अनेकांनी मिळून, पिढ्यान् पिढ्या किनाऱ्यावर उभं राहून हे एवढ्या जवळ आणून ठेवलंय की पंचांगातल्या एका आकड्यावरून पाण्यात उतरावं की नाही ते ठरवता येतं. पाच-दहा मिनिटं इकडे तिकडे होतात, कधी अर्धा तासही होतो, म्हणूनच आण्णा हिशेब करून झाला तरी खाली उतरायच्या आधी तिथल्या एखाद्या माणसाला विचारायचेच. "आपलं गणित पुण्याचं. पाणी इथलं," असं म्हणायचे.

ज्यांनी हरिहरेश्वर बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर हे सगळं भरती-ओहोटीचं एवढं का ते कळायचं नाही. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यात अगदी दक्षिण टोकाला, सावित्रीची खाडी समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडे हे गाव. मागे डोंगर, पायथ्याशी देऊळ, समोर समुद्र. रीत अशी की आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, मग परत काळभैरवाचं. पेशव्यांचंही हे कुलदैवत, श्रीवर्धनच्या भट घराण्याचं. दक्षिण काशी म्हणतात. आणि प्रदक्षिणा आहे ती नुसत्या देवळाला नाही, डोंगराला. देवळामागून पायऱ्या चढून डोंगरावर जायचं, झाडीतून थोडं चालायचं आणि मग एका जागी डोंगर मधोमध चिरल्यासारखा उघडतो आणि त्या चिरेतून, दोन्ही बाजूंना उंच कातळाच्या भिंती आणि मध्ये जेमतेम वाट, अशा अरुंद पायऱ्या सरळ खाली समुद्रात उतरतात. समुद्रात म्हणजे खरोखर समुद्रात. भरतीला खालच्या पायऱ्यांपर्यंत पाणी आदळत असतं. ओहोटीला तिथं काळ्या-तपकिरी खडकाचं एक भलंमोठं अंगण उघडं पडतं आणि मग कड्याच्या पायाशी त्या अंगणातून चालत, खाचखळग्यांतून, गायत्री तीर्थावरून, डोंगराला वळसा घालून आपण देवळाजवळच्या वाळूवर निघतो. पाऊण तास, निवांत गेलं तर तास-सव्वा तास. ही वाट दिवसातून दोनदाच असते. उरलेल्या वेळी ती नसतेच.

आमच्या ओळखीतल्या ग्रुपवर मध्ये कोणीतरी थायलंडमधल्या क्राबीचे फोटो टाकले होते, हिरवंनिळं पाणी आणि त्यातून सरळ वर आलेले पांढरट कडे. फार सुंदर. ते चुनखडीचे कडे, कधीकाळी समुद्राच्या तळाशी शिंपल्यांचा, पोवळ्यांचा थर साचून झालेला दगड, पुढे पावसाने विरघळत विरघळत तसा झाला. म्हणजे पाण्यातून आलेला दगड. आमचा हरिहरेश्वरचा दगड आगीतून आलेला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा वाहिला, एकावर एक थर चढत गेले, दख्खनचं सगळं पठार त्याचंच. महाबळेश्वरला जो काळा दगड आपण जवळपास 1,400 मीटर उंचीवर बघतो तोच लाव्हाचा पसारा इकडे समुद्रापर्यंत उतरलाय, कोकणाच्या पट्ट्यात तर हे थर पश्चिमेकडे झुकलेत, समुद्राच्या बाजूला मान टाकल्यासारखे. आणि सावित्री जी महाबळेश्वरला उगम पावते ती इथं बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. वर त्याच दगडात सुरुवात, खाली त्याच दगडात शेवट. मला हे समजलं त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग ते एकच क्षेत्र झालं की गं." भूगोलाच्या पुस्तकात असं लिहीत नाहीत, पण मला ते पटलं.

तर आम्ही साडेबारा ते तीन थांबलो.

थांबणं मला जड गेलं हे कबूल करते. माझ्या डोक्यात दिवसाचे तुकडे पाडलेले होते, एक वाजता प्रदक्षिणा, अडीचला जेवण, संध्याकाळी बागमांडल्याहून फेरीबोटीने पलीकडे वेश्वीला जाऊन मुलाला बाणकोटचा किल्ला दाखवून परत. ते सगळं गेलं. दर्शन झालं, एका घरगुती खानावळीत आंबेमोहोराचा भात, वालाचं बिरडं आणि सोलकढी असं जेवण झालं, उकडीचा एक एक मोदक झाला, आणि तरी दोनच वाजले होते. आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली. घरच्या काकू, साधारण आईच्याच वयाच्या, त्यांच्याशी तिच्या गप्पा सुरू झाल्या त्या थेट निसर्ग चक्रीवादळावर गेल्या. 3 जून 2020. काकू तारीख सांगताना जराही अडखळल्या नाहीत. दुपारच्या त्या काही तासांत वाडीतल्या सुपाऱ्या एकामागोमाग एक कशा मोडल्या, कौलं कशी उडाली, नंतर कितीतरी दिवस वीज कशी नव्हती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून थेट समुद्र दिसला. "लग्न होऊन आल्यापासून कधी दिसला नव्हता हो घरातून. मध्ये वाडी होती ना." सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, नारळालाही तेवढी नाहीतर जास्तच. त्यांनी परत लावलीयत. आता कुठं ती माणसाच्या वर गेलीत. काकूंनी आम्हाला नेऊन दाखवली, एकेका झाडाला हात लावत.

ही गोष्ट मला एक वाजता प्रदक्षिणा झाली असती तर ऐकायला मिळाली नसती.

तीनला आम्ही डोंगराच्या पायऱ्या चढलो. आई सत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे दुखरे, दर दहा पायऱ्यांनी थांबायची. वर कोकम सरबताचा एक ठेला होता, त्या ताईंना मी विचारलं की आता उतरायला हरकत नाही ना. त्यांनी मान वळवून खाली बघितलं, नुसतं एकदा, आणि म्हणाल्या, "आता जा. पण पाचच्या आत वर या नायतर वाळूवर निघा. आज पाणी लांब गेलंय म्हणजे परत येताना पण तसंच येनार." चतुर्दशी-पौर्णिमा म्हणजे उधाणाचे दिवस. सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत, दोघांची ओढ एकत्र, म्हणून भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास उलटं, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, त्याला भांग म्हणतात. मुंबईला पावसाळ्यात मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं तेव्हा बातमी होते, इथं कड्याखाली ते बघायला कुणी नसतं.

आमच्या आधी एक जोडपं तिथं येऊन गेलं होतं, त्या ताईंनीच सांगितलं, बारा वाजता. दोघंही तरुण. त्यांना खाली जायचंच होतं, फोटोसाठी. ताईंनी अडवलं, फलक दाखवला, तरी ऐकेनात, मग ठेल्याशेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी उठून सरळ पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं केलं. काही न बोलता. ते दोघं थोडं रागावून परत गेले. मला त्या काकांना भेटायचं होतं पण ते जेवायला गेले होते. इथं माणसं वाहून गेलेली आहेत, एकदा नाही, अनेकदा, आणि त्यातली बहुतेक पोहता येणारी, धडधाकट, शहरातली होती असं स्थानिक लोक सांगतात. पोहण्याचा तिथं काही उपयोग नसतो. मागे कडा, समोर लाट आणि पायाखाली शेवाळ. लाट तुम्हाला बुडवत नाही, खडकावर नेऊन आपटते. मला हे लिहिताना कुणाला घाबरवायचं नाही, पण आपण समुद्राकडे जी एक उघडीच असलेली जागा म्हणून बघतो ना, बागेसारखी, कधीही जावं आणि बसावं, ते इथं चालत नाही एवढं मनापासून सांगायचंय. फलक वाचा. ठेल्यावरच्या बाईला विचारा. तिने नाही म्हटलं तर बसा.

आईचं काय करायचं हा प्रश्न होताच. त्या चिरेतल्या पायऱ्या मलाच भीती वाटेल अशा उभ्या. मी म्हटलं, आई तू वरच थांब, आम्ही दोघं जाऊन येतो, वाळूवर भेटू. ती म्हणाली, "मी उतरते. तुझा हात नको, भिंतीचा धरते." आणि ती उतरली. बसून नाही, अंग आडवं वळवून, एकेक पायरी, डावा हात कातळावर. त्या घळीत वारा एवढा असतो की पदर धड राहत नाही, आणि समुद्राचा आवाज वर नुसता घोंघावल्यासारखा येत असतो तो इथं एकदम मोठा होतो, दोन भिंतींमध्ये कोंडून. माझा मुलगा आजीच्या एक पायरी पुढे, पाठमोरा नाही, तोंड तिच्याकडे करून उलटा उतरत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

खाली पोचल्यावर मी पहिल्यांदा जे बघते तेच परत बघितलं. ती भिंत.

कड्याच्या पायाशी दगड सपाट नाही, गुळगुळीत नाही, तो जाळीचा आहे. मधाचं पोळं असतं तशी छिद्रं, काही बोटाएवढी, काही डोकं आत जाईल एवढी, एकमेकांना लागून, मधल्या भिंती पातळ, काही ठिकाणी तर एवढ्या पातळ की पलीकडचा उजेड दिसेल असं वाटतं. रंग तपकिरी, गेरूसारखा, काही ठिकाणी पिवळट. सगळी भिंतच्या भिंत कुणीतरी कोरून ठेवल्यासारखी. लहानपणी आण्णा सांगायचे की हे समुद्राने कोरलंय आणि मला वाटायचं लाटांनी. लाटा करतात ते वेगळं. लाट कड्याच्या बुडाला घाव घालते, खडकाच्या फटीत हवा कोंडून दाबली जाते आणि पाणी मागे सरकलं की ती हवा झटक्यात सुटते, असं दिवसरात्र होत होत बूड खणलं जातं, वरचा भाग अधांतरी राहतो, एक दिवस कोसळतो, कडा मागे सरकतो आणि पुढे हे सपाट अंगण उरतं. म्हणजे आपण जिथून चालतो तिथं कधीतरी डोंगर होता. पण ती जाळी लाटांची नाही, ती मिठाची. तुषार उडून दगडाच्या बारीक छिद्रांत खारं पाणी शिरतं, ऊन लागलं की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. त्या मिठाचे स्फटिक वाढतात आणि वाढताना जागा मागतात, दगडाच्या कणाला आतून ढकलतात, एक कण सुटतो. मग दुसरा. एकदा खळगा झाला की त्यात सावली आणि ओल जास्त टिकते, मग तो आणखी खोल. बाजूची भिंत वाळून तशीच उभी राहते. ज्या मिठाचं आपण बोटावर घेऊन वजनही करत नाही त्याने हा दगड पोखरलाय.

मुलाने विचारलं की किती वर्षं लागली असतील. मी म्हटलं मला माहीत नाही. आईने हात पुढे करून एका खळग्यात बोटं घातली, चार बोटं, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांनी मला लग्नानंतर पहिल्यांदा आणलं तेव्हा इथंच उभं करून दाखवलं होतं. ते म्हणाले होते की एवढाल्ल्या डोंगराला पण आतून काहीतरी लागतंच."

बाबा असं काही बोलायचे हे मला माहीत नव्हतं. माझ्या आठवणीतले बाबा ऑफिस, पेपर आणि गॅलरीतल्या कुंड्या. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. आईने हे वाक्य एवढी वर्षं ठेवलं होतं आणि मला इथं, त्या भिंतीपुढे दिलं, पुण्यात बसून नसतं दिलं.

पुढची वाट मी भराभर सांगते कारण ती बघायचीच असते. अंगणात ठिकठिकाणी पाण्याची डबकी उरलेली, काचेसारखी स्वच्छ, त्यात बोटभर मासे, शंखात राहणारे खेकडे, दगडाला घट्ट चिकटलेल्या टोप्यांसारखे शिंपले, आणि काही डबक्यांत चिप्सची पाकिटं. मुलगा ती पाकिटं वेचत गेला, माझ्या सॅकचा पुढचा कप्पा भरला. लांब, पाणी जिथं नुकतं मागे गेलं होतं तिथं, तीन बायका उकिडव्या बसून कालवं काढत होत्या. टोकदार लोखंडाने टक टक करून वरचं कवच उघडायचं, आतला मऊ जीव डब्यात. त्यांची पाठ समुद्राकडे होती. मला राहवलं नाही, मी त्यांच्यापर्यंत गेले आणि विचारलं की पाणी वळलेलं कसं कळतं तुम्हाला, पाठमोऱ्या बसता. त्यातली एक हसली. "आवाज बदलतो ताई." दुसरी म्हणाली, "आणि टाचा भिजतात." तिसरीने विचारलं, "आजींना एवढं खाली आनलंत?" आई तोवर एका दगडावर बसून पाय डबक्यात सोडून होती, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, चेहरा उन्हाकडे. मी म्हटलं आम्ही नाही आणलं, त्या आल्या.

गायत्री तीर्थाशी आईने ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं. मुलानेही लावलं. वर आकाशात एक मोठा पांढऱ्या पोटाचा पक्षी संथ फिरत होता, पंख जराही न हलवता. समुद्रगरुड, इकडे त्याला काकण म्हणतात. समुद्रापलीकडे, म्हणजे खाडीपलीकडे, वेळासची किनारपट्टी धुरकट दिसत होती, नाना फडणवीसांचं गाव, जिथं 2002 पासून कासवांची अंडी राखायचं काम गावाने अंगावर घेतलंय. अजून महिनाभराने पिल्लं निघायला लागतील. तीही पाण्याचीच वाट बघणारी.

शेवटच्या टप्प्यात एका जागी वाट कड्याच्या अगदी पोटाशी जाते, तिथं दगड ओले आणि हिरवे होते. आई तिथं थांबली. तिला जमेना. दोन पावलं टाकायची, फक्त दोन, पण गुडघा वाकेना. मी एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला, तरी पाय उचलेना. मी घड्याळ बघितलं, पावणेपाच. म्हणजे आण्णांच्या हिशेबाने नेमकी पूर्ण ओहोटी, याच्यापुढे प्रत्येक मिनिट पाण्याचं. मला घाम फुटला, खरोखर, पाठीवरून ओघळताना कळत होता. तेवढ्यात त्या कालवंवाल्या बायका डबे घेऊन परत निघालेल्या मागून आल्या. सगळ्यात वयस्कर होती तिने डबा खाली ठेवला, आमच्या पुढे जाऊन त्या हिरव्या दगडावर अनवाणी पाय रोवून उभी राहिली आणि आईला म्हणाली, "माझ्या पायावर पाय ठेवा." आईला काही समजेना. "ठेवा हो आजी, माझा पाय घसरत नाय." आणि आईने ठेवला. तिच्या पावलावर. एक, मग दुसऱ्या बाईच्या पावलावर दुसरा. आणि पलीकडे गेली.

मी पैसे काढत होते, त्या बाईने हात धरून परत पर्समध्ये ढकलला. डबा डोक्यावर ठेवला आणि पुढे चालू लागली, आम्ही वाळूवर पोचलो तोवर ती कुठल्या कुठं गेली होती. तिचं नावही विचारायचं राहिलं. आईने वाळूवर बसून आपले तळवे बघितले, मग मला म्हणाली, "पाय लागला गं तिला माझा. नमस्कार करायला हवा होता." आणि तिने ज्या दिशेला ती बाई गेली तिकडे हात जोडले.

बाणकोट राहिलं, फेरीबोट राहिली. मुलगा एका शब्दानेही कुरकुरला नाही. सूर्य बुडायच्या आत पाणी परत आलं, आधी डबकी एकमेकांना जोडली गेली, मग अंगण दिसेनासं झालं, मग आम्ही जिथून आलो ती सगळी वाट. बघता बघता. आम्ही तिघं वाळूवर बसून ती जाताना बघत होतो.

रात्री मला जाग आली ती आवाजाने. डोंगराखाली धड, धड, असं खोलवर, अंतरा-अंतराने, जमिनीतून येत होतं. बाहेर चांदणं एवढं की वाडीतल्या कोवळ्या सुपाऱ्यांच्या सावल्या ओसरीपर्यंत आल्या होत्या. मुलगा खिडकीशी उठून बसला होता, बोटांची पेरं मोजत. मला बघून हळूच म्हणाला, "आई, आता अकरा वाजायला आलेत, म्हणजे हीच सकाळची साडेदहाची दुसरी ना? आणि उद्या पौर्णिमा, पंधराची पाऊणपट... सव्वाअकरा." मी म्हटलं बरोबर. "मग आपण उद्या दुपारी साडेतीनला उतरलो तर परत वाट असेल."

आई गाढ झोपली होती. तिची साडी दोरीवर वाळत घातली होती आणि तिच्या काठावर, जिथपर्यंत पाणी लागलं होतं तिथपर्यंत, मिठाची पांढरी रेघ उमटली होती. मी गजर दुपारी सव्वातीनचा लावला.